चोवीसपैकी तेवीस

"शेहेचाळीस... सत्तेचाळीस... अठ्ठेचाळीस..."

वासुदेवअण्णा मोजत होते आणि दीडशे माणसं आ वासून ऐकत होती. बेंगळूरच्या शिवाजीनगर बसस्टँडमागची ती गल्ली म्हणजे एरवी भर दुपारी कानात बोटं घालायची जागा. बसचे हॉर्न, पत्रे ठोकणारे, जुने टायर विकणारे, सगळे एकदम सुरू. पण गुरुवारी दोन वाजता उमाजी शिंप्याच्या दुकानात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. शिंप्याचंच दुकान ते, टाचण्यांना तिथं काही तोटा नव्हता.

कापड बेतायच्या लांब टेबलावर गादी, गादीवर भगवी चादर, आणि तिच्यावर उताणे निजलेले श्वासस्वामी, गळ्यापर्यंत शाल पांघरलेले. सहा महिन्यांपूर्वी हेच गृहस्थ याच टेबलावर पाटलोणी बेतत होते. वय पंचावन्न, मान आखूड आणि जाड, हनुवटी मागे गेलेली. त्यांच्या नाकापुढे अण्णांनी डाव्या हातानं रेशमाचा एक धागा धरला होता, उजव्या हातात स्टॉपवॉच. धागा हलत नव्हता. म्हणजे श्वास नव्हता.

"भक्तहो," आकड्यांच्या मधल्या फटीत अण्णा हलक्या आवाजात सांगत, "प्राण नाभीतून उठला. हृदयाशी आला. कंठाशी आला. कंठाशी महाराजांनी त्याला कुलूप घातलं. आता महाराज इथं नाहीत."

बावन्नाव्या सेकंदाला कुलूप उघडलं. स्वामींच्या घशातून असा काही आवाज निघाला की पुढच्या रांगेतलं एक तान्हं मूल भोकाड पसरून रडायला लागलं. धागा फडफडला. दीडशे माणसांनी हात जोडले. दम्याचे रोगी पुढे सरकले, कारण त्या हुंकाराचा वारा छातीवर घेतला की दमा जातो असं ठरून गेलेलं होतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारायची सोय नाही. अण्णांनी भिंतीवरच्या पाटीवर खडूनं लिहिलं, 'आजचा कुंभक बावन्न सेकंद'. पूर्वी त्याच पाटीवर 'दिवाळीचे कपडे घेणे बंद' असं लिहिलेलं असायचं.

दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ एक बाई उभी होती आणि तिनं हात जोडले नव्हते. डॉक्टर सुखदा, दातांची डॉक्टर. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर तिचा दवाखाना. मूळची पुण्याची, नवऱ्याला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली म्हणून चार वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली, बेंगळूरला आलेली. दर गुरुवारी दोनच्या सुमारास तिचे पेशंट बाकावरून उठून समोर पळायचे, ते कशाला, हे बघायला ती आज खाली उतरली होती. सगळे धाग्याकडे बघत होते तेव्हा ती शालीकडे बघत होती. श्वास थांबलाय ना? मग शालीखाली पोट कशानं उसळतंय? तिच्या अंगावर काटा आला, पण तो भक्तीचा नव्हता.

उमाजीच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. हे स्वामीपण त्यानं मागितलेलं नव्हतं. तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्या मराठी घराण्यांतलं हे एक घर. बोलायचं मराठी, पण त्यात कानडी इतकं मुरलेलं की पुण्याच्या माणसाला पहिले चार महिने निम्मंच कळावं. उमाजीचा हात सुरेख होता, त्याच्या कॉलरला कधी सुरकुती पडली नाही. पण त्याला झोप यायची. मशीनवर पाय चालता चालता झोप, काज करता करता झोप, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता झोप. एकदा एका वकिलाच्या कोटाची बाही त्यानं खिशाला शिवून ठेवली. गल्लीनं त्याचं नाव निद्देअण्णा ठेवलं. निद्दे म्हणजे कानडीत झोप. पोरं झोपलेल्या उमाजीच्या गालावर खडूनं मिशा काढायची आणि मोठी माणसं ते बघून हसायची. गिऱ्हाईक तुटत गेलं आणि बायको, राजलक्ष्मी, ब्लाउजं शिवून घर चालवू लागली.

वासुदेवअण्णा हे राजलक्ष्मीचे थोरले भाऊ. तीस वर्षं एका कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर. कोण किती मिनिटं उशिरा आला हे मोजण्यात हयात गेली. कारखान्यानं मुदतीआधी घरी बसवलं आणि अण्णांना मोजायला काही उरलं नाही. अशात एका दुपारी जेवणानंतर त्यांनी मेहुण्याला जमिनीवर उताणा झोपलेला पाहिला. त्याचा श्वास थांबलेला पाहिला. दुसरा कुणी असता तर घाबरून हाका मारल्या असत्या. अण्णांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं. तेहेतीस सेकंद भरले. दुसऱ्या दिवशी शेजारी बघायला आले, आठवड्यात गल्ली आली, दोन महिन्यांत शाल आली. उमाजी बिचारा झोपलेलाच असायचा. त्याच्या झोपेचं काय करायचं हे जागी माणसं ठरवत होती, आणि त्यात अण्णा म्हणजे चहापेक्षा किटली गरम.

तो गुरुवार होऊन चार दिवस झाले आणि उमाजी सुखदाच्या दवाखान्याचा जिना चढून आला. दाढ फुटली होती. बरोबर अण्णा होतेच.

बाकावर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात सुखदा त्या दिवसांत एक पत्रक देत असे. तिनं एका परदेशी मासिकात वाचलं होतं की दातांचा डॉक्टर दिवसभर लोकांच्या घशात डोकावतो, तेव्हा झोपेत ज्यांचा गळा बंद पडतो अशी माणसं आधी त्याच्याच हाती लागायला हवीत. म्हणून हे आठ प्रश्न. वाचताना डुलकी लागते का, बसमध्ये लागते का, कुणाशी बोलताना लागते का, गाडी सिग्नलला थांबली की लागते का. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन मार्क. बेरीज दहाच्या वर गेली तर त्या माणसाची पुढे चौकशी करायची. पत्रक तिनं स्वतः मराठीत केलं, शेजारणीकडून कानडीत करून घेतलं, झेरॉक्स काढल्या आणि वर दवाखान्याचा शिक्का मारला. लोक पेन चावत भरायचे. कुणाचे तीन यायचे, कुणाचे पाच.

उमाजीला ती प्रश्न वाचून दाखवू लागली. सात प्रश्नांना त्यानं न थांबता तीन मार्क सांगितले. सिग्नलच्या प्रश्नाला मात्र तो थांबला. प्रामाणिक माणूस. म्हणाला, ऑटोत कधी कधी जागा असतो अक्का, तिथं दोन घाला. बेरीज तेवीस झाली.

पुढचं खुर्चीत झालं. खुर्ची मागे कलली, सुखदानं दिवा ओढला, आणि हत्यार हातात घेईपर्यंत गृहस्थ झोपले. दातांच्या खुर्चीत भल्याभल्यांना घाम फुटतो. हा घोरत होता. तिनं तोंडात बघितलं. दात झिजून सपाट झालेले, जीभ मोठी, खालचा जबडा लहान आणि मागे. घोरणं एकदम बंद पडलं. छाती वर ओढली जात होती, पोट उसळत होतं, आणि हवा मात्र आत जात नव्हती. सुखदानं त्याच्या कानांखाली, जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांमागे बोटं घातली आणि जबडा हलकेच पुढे ढकलला. हवा आत गेली. ना हुंकार, ना गर्जना. तिनं बोटं काढली, श्वास पुन्हा अडला. पुन्हा ढकललं, पुन्हा सुरू झाला. नळाची तोटी फिरवावी, इतकं ते सोपं होतं.

तिनं उमाजीला उठवलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं. गळा म्हणजे मऊ नळी. झोपेत ती सैल पडते. यांचा जबडा मागे, म्हणून उताणं झोपलं की जीभ मागे पडून वाट बंद होते. छाती ओढत राहते आणि हवा येत नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मग मेंदू घाबरून क्षणभर जागं करतो, गळा फाटकन उघडतो. तोच तुमचा हुंकार. रात्रभरात असं शेकडो वेळा होत असणार, म्हणजे हा माणूस कित्येक वर्षांत धड झोपलेलाच नाही. दिवसा डुलतो तो त्यामुळं. मग तिनं रक्तदाब घेतला. पारा दोनशेच्या घरात होता. हे असंच चाललं तर हृदय तरी दगा देईल, नाहीतर अर्धांगवायू तरी होईल, असं तिनं स्पष्ट शब्दांत सांगितलं आणि मोठ्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहिली.

उमाजी डोळे विस्फारून ऐकत होता. अण्णा पत्रक बघत होते.

"डॉक्टरअक्का, हे तेवीस कितीपैकी?"

"चोवीसपैकी. पण अण्णा, ते..."

"आणि बाकी लोकांना किती पडतात?"

"तीन, चार. फार तर पाच."

अण्णांनी पत्रकाची एक झेरॉक्स मागितली. चिठ्ठीला जोडायला हवी असेल असं समजून तिनं दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन दिवसांनी अण्णा पुन्हा जिना चढून आले आणि अदबीनं विचारू लागले की सिग्नलच्या प्रश्नात जो एक मार्क कापलाय, त्याची फेरतपासणी होते का. सुखदाला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता.

गुरुवारी ते पत्रक काचेच्या चौकटीत, हार घालून, स्वामींच्या डोक्याशी टांगलेलं होतं. खाली ठळक अक्षरांत मराठीत आणि कानडीत लिहिलेलं, 'समाधीच्या परदेशी परीक्षेत चोवीसपैकी तेवीस. सामान्य माणसास तीन.' त्याखाली सुखदाचा शिक्का, तिची सही, तिची पदवी. ज्या समाजात दहावीच्या पोराचे मार्क नातेवाईक लग्नात विचारतात, तिथं तेवीस म्हणजे काय हे कुणाला समजवायला लागत नाही. जास्त मार्क ते चांगले, एवढं सगळ्यांना शाळेत शिकवलेलं असतं.

मग दवाखान्यावर झुंबड उडाली. दात कुणाचेच दुखत नव्हते. सगळ्यांना परीक्षेला बसायचं होतं. मंडळी एकमेकांच्या कागदात डोकावून लिहायची. काल चार मार्क मिळालेली बाई आज अठरा घेऊन यायची आणि विचारायची, आता समाधी किती लांब आहे. सुखदानं पत्रकाचं शीर्षक बदललं, मार्कांचा रकाना काढून टाकला, बाकावर उभी राहून सांगितलं की इथं जास्त मार्क म्हणजे नापास. लोक मान डोलवायचे आणि सगळीकडे तीन लिहायचे. शिवाप्पा नावाचा एक बसड्रायव्हर वीस मार्क घेऊन आला. त्याची मानही जाड होती. खरंच झोप येते का रे स्टिअरिंगवर, असं तिनं तीनतीनदा विचारलं. तो प्रसन्न हसून म्हणाला, स्वामींची कृपा. ते खरं होतं की भक्ती, तिला आजतागायत माहीत नाही. आजारी माणूस हुडकायला केलेलं पत्रक तिला शेवटी कपाटात टाकावं लागलं.

मोठ्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी अण्णांच्या खिशातच राहिली होती. तेव्हा पुढच्या गुरुवारी सुखदा मोजणी सुरू असताना सरळ पुढे गेली. तिनं स्वामींच्या अंगावरची शाल ओढून काढली.

"धाग्याकडे बघू नका. पोटाकडे बघा."

दीडशे माणसांनी पाहिलं. पोट उसळत होतं, छाती ओढली जात होती, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. समाधीत माणूस शांत असतो असं अण्णांनीच सांगितलेलं ना, तिनं विचारलं, मग हा माणूस असा का तडफडतोय? हा श्वास रोखत नाहीये, याला श्वास मिळत नाहीये. आणि तिनं जबड्यामागे बोटं घालून पुढे ढकललं. धागा फडफडला. सोडलं, थांबला. ढकललं, फडफडला. तीन वेळा करून दाखवलं. यात ना प्राण वर जातो ना खाली, ती म्हणाली, जीभ मागे पडते एवढंच, आणि त्यानं माणूस मरतो.

दुकानात चिडीचूप झालं. सुखदाला वाटलं, पटलं.

मग वासुदेवअण्णांनी हात जोडून कपाळाला लावले आणि ते म्हणाले, "बघितलंत? महाराजांनी आज डॉक्टरअक्कांच्या बोटांत शक्ती घातली."

पुढचं सांगायला लाज वाटते. पुढच्या रांगेतली एक आजी उठली आणि तिनं सुखदाची बोटं डोळ्यांना लावली. मागोमाग दुसरी आली. दम्याच्या रोग्यांनी तिच्याभोवती कडं केलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, ते पाणी निदान वाहून तरी जातं. इथं तर ते तीर्थ म्हणून वाटलं गेलं. ती हात सोडवून घेत कशीबशी बाहेर पडली आणि जिना चढताना तिचे डोळे रागानं भरून आले होते.

पण त्या गर्दीत एक बाई मशीनच्या मागे बसून सगळं नीट बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी राजलक्ष्मी उमाजीला घेऊन दवाखान्यात आली. अण्णा देवळात गेले होते तेवढ्यात. म्हणाली, अक्का, तुम्ही बोटांनी केलंत ते रात्रभर होईल असं काही असतं काय?

होतं. सुखदानं उमाजीच्या वरच्या आणि खालच्या दातांची मापं घेतली आणि ॲक्रिलिकच्या दोन पट्ट्या अशा जोडून घेतल्या की त्या तोंडात बसवल्या की खालचा जबडा पुढे येऊन तिथंच राहावा. आयुष्यभर लोकांची मापं घेतलेला माणूस स्वतःचं माप देताना पोरासारखा गंभीर बसला होता. फिटिंगला दोनदा बोलावलं तेव्हा त्याला मोठं समाधान वाटलं. एका फिटिंगमध्ये चांगलं काम होतच नाही, तो म्हणाला. सुखदानं त्याला एक जास्तीची गोष्ट शिकवली. कधी जाग आली, गुदमरल्यासारखं वाटलं आणि पट्टी जवळ नसली, तर बोटं अशी जबड्यामागे घालायची आणि असं पुढे ढकलायचं. त्यानं तिच्यासमोर चार वेळा करून दाखवलं.

पुढचे सहा दिवस उमाजी झोपला. खरोखर झोपला. चौथ्या दिवशी तो सकाळी मशीनवर बसला तो जेवणाची हाक येईपर्यंत उठला नाही, आणि डुललाही नाही. राजलक्ष्मीसाठी बेतून ठेवलेलं एक ब्लाउज अकरा वर्षं कपाटात पडलं होतं, ते त्यानं पुरं केलं. संध्याकाळी तो बायकोशी बोलत बसायचा. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण बोलता बोलता ती आधी झोपली असं पहिल्यांदाच झालं. हे तिनं सुखदाला सांगितलं तेव्हा ती लाजली होती.

आणि मग गुरुवार आला. राजलक्ष्मीनं हट्टानं पट्टी त्याच्या तोंडात घातली. स्वामी निजले, अण्णांनी धागा धरला, स्टॉपवॉच काढलं. धागा हलत होता. आत, बाहेर, आत, बाहेर. अर्धा तास गेला. तास गेला. एक पंचावन्न वर्षांचा शिंपी दुपारच्या जेवणानंतर शांतपणे झोपला होता आणि दीडशे माणसं ते बघत होती. मागचे लोक चुळबुळ करू लागले. कुणीतरी म्हणालं, हे तर आमच्या घरीही बघायला मिळतं. एक एक करून माणसं उठली. उमाजी जागा झाला तेव्हा समोर सतरंजी होती आणि चपलांची रिकामी जागा होती.

पाटीवर त्या दिवशी अण्णांनी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पोरं गल्लीत पुन्हा निद्देअण्णा म्हणून हाक मारू लागली.

त्यानंतरच्या गुरुवारी बासष्ट सेकंदांचा कुंभक झाला. गल्ली दणाणली. सुखदा धावत खाली उतरली ती अण्णांशी भांडायलाच. पण राजलक्ष्मीनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, अण्णांनी नाही अक्का, यांनी स्वतः काढून ठेवली. पट्टी बटणांच्या डब्यात होती.

गर्दी ओसरल्यावर सुखदा उमाजीसमोर बसली. त्याचे डोळे पुन्हा तांबडे झाले होते. ती रागावली नाही, तिनं नुसतं का म्हणून विचारलं. त्यानं टेबलावरचा खडू उचलून बोटांत फिरवला.

"अक्का, तीस वर्षं मी झोपलो की लोक हसले. आता मी झोपलो की लोक हात जोडतात. त्या दिवशी नीट झोपलो, तर उठून गेले."

"जाऊ देत की. तुम्ही जगाल तरी."

"जगेन, सरी, खरं आहे. पण निद्देअण्णा म्हणून." मग तिला वाईट वाटलं असावं असं वाटून तो पुढे म्हणाला, "रात्री घालतो हो मी. दुपारी तेवढी स्वल्प काढून ठेवतो."

 अण्णांना देण्यासारखी शंभर उत्तरं सुखदापाशी होती. या माणसाला काय सांगणार? दाढ दुखत असती तर काढून टाकली असती. लोकांचं हसणं कुठल्या चिमट्यानं काढायचं, हे तिला कुठल्याच कॉलेजात शिकवलं नव्हतं. ती रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल पुन्हा एकदा बजावून वर निघून गेली.

दर्शनाला एकट्या गुरुवारची दुपार होती, ती रोजची दुपार झाली. भक्त वाढले, मग सकाळचंही दर्शन सुरू झालं. दिवसभर पट्टी काढलेली, तर रात्री घालायची आठवण कुणाला राहणार. तीन महिने असे गेले. एका सोमवारी सकाळी नऊ वाजता राजलक्ष्मी जिना चढून आली, अनवाणी, हातात कात्री तशीच. यांचं तोंड वाकडं झालंय, म्हणाली, हात उचलत नाहीत. सुखदानं ऑटो थांबवला, त्याला इस्पितळात नेलं, दारातून स्ट्रेचर ढकलत आत नेलं. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

आता तरी, असं सुखदाला वाटलं. आता तरी सगळ्यांना कळेल. इस्पितळातून तीन आठवड्यांनी उमाजी घरी आला, आणि दुसऱ्याच दिवशी पाटीवर खडूची अक्षरं उमटली. 'महाराजांनी मौन धारण केले आहे.' वाकडं झालेलं तोंड म्हणजे मंद स्मित, असंही अण्णांनी सांगून टाकलं. एक खरं, अण्णा हे सांगताना रडत होते. बहुतेक ते स्वतःलाही तेच सांगत असावेत.

गुरुवारी सुखदा गेली. गर्दी दुप्पट होती. उमाजीला टेबलावर तक्क्याला टेकवून बसवलं होतं, उजवा हात मांडीवर कुणीतरी नीट ठेवलेला. तो कुणाकडेच बघत नव्हता. मग त्याला दारातली सुखदा दिसली. त्याच्या डोळ्यांत ओळख आली आणि पाठोपाठ पाणी आलं. त्यानं डावा हात उचलला. फार हळूहळू उचलला. बोटं कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यामागे नेली आणि जबडा पुढे ढकलला. एकदा, दोनदा, तीनदा. नजर तिच्यावरून हलत नव्हती. तिनंच शिकवलेलं होतं ते, चार वेळा करून घेतलेलं. पट्टी द्या, एवढंच तो मागत होता. आता त्याला जगायचं होतं, कुठल्याही नावानं.

सुखदा पुढे घुसली. तेवढ्यात अण्णांनी हात वर करून घोषणा केली.

"भक्तहो, महाराजांनी मुद्रा दिली."

तीनशे हात उठले. तीनशे माणसांनी बोटं कानाखाली घातली आणि हनुवट्या पुढे काढल्या. म्हाताऱ्या, पोरं, दम्याचे रोगी, शिवाप्पा ड्रायव्हर, सगळे. सुखदा ओरडून सांगत होती की तो मदत मागतोय, मला त्याच्याकडे जाऊ द्या. गर्दीत तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. कोपरांच्या त्या दाटीत तिला पुढे सरकायला जागा उरली नव्हती. टेबलावरचा माणूस लोकांकडे बघत राहिला, आणि मग त्यानं आपला हात हळूच खाली ठेवला.

तिथं पोचली ती राजलक्ष्मी. मशीनमागून उठली, बटणांचा डबा उघडला आणि टेबलावर चढली. पट्टी काही त्या वाकड्या तोंडात बसेना. मग तिनं नवऱ्याच्या पाठीमागचा तक्क्या काढून फेकून दिला, त्याला आडवा केला आणि दोन्ही हातांनी ओढून डाव्या कुशीवर वळवला, तोंड भिंतीकडे, पाठ भक्तांकडे. अण्णा तिला आवरायला आले तर तिनं त्यांच्या हातातलं स्टॉपवॉच काढून घेतलं आणि बटणांच्या डब्यात टाकलं. महाराजांनी पाठ फिरवली, असं म्हणून लोक रडत होते. उमाजी कुशीवर झोपला होता आणि त्याचा श्वास चालू होता.

सुखदानं पुढे त्याच्यासाठी नवी पट्टी केली, वाकड्या तोंडाच्या मापाची. त्याला वाचा काही आली नाही. अण्णांनी दुकान सोडून दुसरीकडे भाड्यानं हॉल घेतला, तिथं नुसता फोटो आहे, कानाखाली हात घेतलेला. गुरुवारी तिथं अजून गर्दी होते आणि सगळे ती मुद्रा करतात. सुखदा दोनदा तिथं जाऊन बोलून आली. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तिची बोटं डोळ्यांना लावली. हल्ली पत्रकं पुन्हा निघाली आहेत, पण प्रश्न ती पेशंटला विचारत नाही. त्याच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारते.

म्हणून हे इथं, जमेल तितक्या साध्या शब्दांत. झोपेत श्वास थांबणं ही सिद्धी नाही, आजार आहे, आणि तो मोजून बरा होत नाही. तुमच्या घरात कुणी असं झोपत असेल, घोरता घोरता गप्प होत असेल आणि मग दचकून गर्जत असेल, दिवसा जेवताना बोलताना डुलत असेल, तर त्याला हसू नका आणि त्याच्या पायाही पडू नका. त्याला कुशीवर वळवा. सकाळी डॉक्टरकडे न्या. आणि त्यानं हात उचलून काही मागितलं, तर तुमचे हात जोडायच्या आधी विचारा, काय हवंय.